भास्कराचार्यांचें चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

बीड जिल्ह्यांत लहानाचे मोठे झालेल्या आम्हां लोकांस कांहीं गोष्टी बाळकडूबरोबरच मिळालेल्या असतात. त्यांपैकीं एक ही कीं, जगद्विख्यात गणिती भास्कराचार्य हे आमच्या बीडचे. दुसरी ही कीं, त्यांची कन्या लीलावती हिला अकालीं वैधव्य आलें, आणि तिचें दुःख हलकें व्हावें म्हणून त्यांनीं तिच्या नांवानें गणिताचा ग्रंथ लिहिला. हीं दोन्ही विधानें आम्हीं लहानपणीं ऐकिलीं, मोठेपणीं वर्गांत सांगितलीं, आणि सांगतांना आमचा स्वर अभिमानानें किंचित् चढतही असे. एके दिवशीं मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून नम्रपणें विचारिलें कीं, हें आपणांस कशावरून कळलें? आम्हीं त्यास खालीं बसविलें खरें; परंतु घरीं गेल्यावर आमचेंच मन आम्हांस स्वस्थ बसूं देईना. कारण त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं ऐकिलें होतें, पाहिलें नव्हतें. मानिलें होतें, तपासिलें नव्हतें.

त्या मुलाचें ऋण फेडावें म्हणून आज आम्ही भास्कराचार्यांचें चरित्र त्यास व आमच्या सर्व विद्यार्थिमित्रांस सादर करीत आहों. त्यांत जें पुराव्यानें ठरतें तें ठरलेलें म्हणून सांगूं, आणि जें केवळ ऐकीव आहे तें ऐकीव म्हणूनच सांगूं.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांपैकीं पुष्कळांनीं स्वतःविषयीं एक अक्षरही लिहून ठेविलेलें नाहीं. भास्कराचार्यांनीं मात्र थोडी माहिती दिली आहे. आपला जन्म शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ सालीं झाला व वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं आपण सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ रचिला, असें ते सांगतात. यावरून ग्रंथाचें वर्ष शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० हें निश्चित होतें. त्यांचें गोत्र शांडिल्य. वडिलांचें नांव महेश्वर; तेच त्यांचे गुरु. घराणें पिढीजात विद्वानांचें होतें. आपलें गांव सह्य पर्वताच्या आश्रयास असून त्याचें नांव विज्जडविड आहे, इतकें सांगून ग्रंथकार थांबतात. पुढील सर्व वाद या एका नांवांतून उत्पन्न झाला आहे.

सिद्धान्तशिरोमणीचे भाग चार. पाटीगणिताचा भाग लीलावती, अव्यक्त राशींचा भाग बीजगणित, ग्रहांच्या गतीचा भाग ग्रहगणित आणि आकाश व पृथ्वी यांच्या स्वरूपाचा भाग गोलाध्याय. ग्रंथावर त्यांनीं स्वतःच वासनाभाष्य नांवाची टीका लिहिली. वासना या शब्दाचा येथें अर्थ उपपत्ति, म्हणजे एखादा नियम कां खरा आहे याचें कारण. नियम सांगावा आणि त्याचें कारणही सांगावें, ही त्यांची रीत या एका नांवांतच दिसून येते.

आतां गांवाचा प्रश्न घेऊं. विज्जडविड म्हणजे बीड, असें आमच्याकडील लोक म्हणतात. विड आणि बीड यांचा उच्चार जवळचा आहे, आणि बीड शहर बालाघाटाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं असून ही रांग सह्याद्रीचाच एक फांटा आहे, हीं त्यांचीं कारणें. विजापूरचे अभिमानी विज्जड व विजय यांचें साम्य दाखवितात. परंतु विजापूर सह्याद्रीपासून बरेंच दूर पडतें. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी यानें इ. स. १५८७ मध्यें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, त्याच्या प्रस्तावनेंत भास्कराचार्यांचें गांव बेदर असें सांगितलें आहे. म्हणजे एकाच माणसास तीन गांवें जन्मभूमि म्हणून मिळालीं, आणि तिघांचाही मुख्य आधार नांवांचें ध्वनिसाम्य!

पुढें मुंबईचे प्रसिद्ध वैद्य व संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें भवानीच्या देवळांतील एक शिलालेख उजेडांत आणिला व इ. स. १८६५ मध्यें त्याविषयीं लिहिलें. हा लेख शके ११२८ चा. त्यांत भास्कराचार्यांच्या कुळाची मालिकाच दिली आहे. मूळ पुरुष त्रिविक्रम. त्याचा पुत्र भास्करभट्ट, यास भोज राजाकडून विद्यापति ही पदवी मिळाली. नंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि भास्कराचार्य. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या पदरीं नेलें. नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. याच चंगदेवानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून पाटण येथें मठ स्थापिला व निकुंभ वंशांतील सोइदेव आणि हेमाडिदेव यांनीं त्यास देणग्या दिल्या. लेखाच्या शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे, हें वाचून मराठी वाचकास विशेष आनंद वाटेल.

हा पुरावा दगडावर कोरलेला, आणि आचार्यांच्या नातवाच्या वेळचा; म्हणून तो फार बळकट. परंतु तो काय सिद्ध करितो आणि काय करीत नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. नातवानें पाटणास मठ स्थापिला, हें त्यावरून सिद्ध झालें. आजोबाही तेथेंच जन्मले, हें त्यांत लिहिलेलें नाहीं. नातवाचें गांव तेंच आजोबांचें गांव, असें धरून चालणें म्हणजे पुन्हां त्याच खड्ड्यांत पडणें होय. पुष्कळ विद्वानांचा कल पाटणच्या परिसराकडे आहे. परंतु कल म्हणजे निर्णय नव्हे. तेव्हां बीडच्या बाजूनें आम्हांस प्रामाणिकपणें इतकेंच म्हणतां येतें कीं, नांव जुळतें, डोंगर जुळतो, पण तेवढ्यानें जन्म ठरत नाहीं. हें लिहितांना आमच्या मनास थोडें लागलें, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु खोट्या नाण्यानें भरलेल्या थैलीपेक्षां खऱ्या नाण्याची मूठ बरी.

दुसरी गोष्ट लीलावतीची. लीलावती ग्रंथ उघडून पाहिला तर आचार्य उदाहरणें घालतांना कोठें बाले म्हणतात, कोठें सखे, कोठें कांते, तर कोठें लीलावति या नांवानेंच हांक मारितात. पैकीं कांते हें संबोधन कोणी आपल्या मुलीस लावीत नाहीं. ही त्यांची मुलगी होती, तिचा विवाह मोडला किंवा तिला वैधव्य आलें, असें ग्रंथांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. ही कथा आढळते ती फैजीच्या प्रस्तावनेंत, म्हणजे ग्रंथानंतर ४३७ वर्षांनीं! तेथेंही लीलावती विधवा नाहीं. तिच्या पत्रिकेंत अविवाहित व निःसंतान राहण्याचा योग होता; तो टाळण्यासाठीं वडिलांनीं शुभ मुहूर्त काढून घटिकापात्र मांडिलें; मुलगी कुतूहलानें त्यांत डोकावली असतां तिच्या वस्त्रावरील मोतीं आंत पडून छिद्र बुजलें व मुहूर्त टळून गेला, अशी ती कथा आहे. पुढें सांगणारांनीं अविवाहितेची विधवा केली. एका तोंडांतून दुसऱ्या तोंडांत जातांना गोष्ट कशी वाढते, याचें याहून चांगलें उदाहरण कोणतें?

यावर कोणी म्हणेल कीं, मग त्यांस मुलगी नव्हतीच. विद्यार्थिमित्रहो, तसेंही म्हणूं नका. पाटणच्या लेखांत मुलीचा उल्लेख नाहीं, परंतु अशा वंशावळींत मुलींचीं नांवें बहुधा येतच नाहींत. उल्लेख नाहीं म्हणून व्यक्तिही नाहीं, हें अनुमान पहिल्याइतकेंच उतावळें आहे. पुरावा नसतां होय म्हणणें ही चूक, तशीच पुरावा नसतां नाहीं म्हणणें हीही चूक. ज्यास थांबतां येतें तोच खरा विचारी.

येथवर लोकांनीं भास्कराचार्यांविषयीं काय मानिलें तें पाहिलें. आतां स्वतः आचार्य पुराव्याकडे कसे पाहत होते, तें पाहूं. हाच त्यांच्या चरित्राचा गाभा आहे, आणि तो कोणत्याही दंतकथेहून अधिक मनोहर आहे.

पृथ्वी कशाच्या तरी आधारावर असलीच पाहिजे, अशी लोकांची समजूत होती. गोलाध्यायांत आचार्य विचारितात कीं, तिला आधार मानिला तर त्या आधारास दुसरा आधार, त्यास तिसरा, असें किती मानीत जावयाचें? शेवटीं कोणी तरी आपल्याच शक्तीनें राहतो असें मानावेंच लागतें. मग पृथ्वीसच तशी कां मानूं नये? पृथ्वी सपाट दिसते, मग ती वाटोळी कशी, या शंकेसही ते रागें न भरतां उत्तर देतात. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा दिसतो. पृथ्वी विशाल, माणूस लहान. म्हणून त्यास जेवढी दिसते तेवढी सपाट भासते. डोळे खोटें सांगत नाहींत, परंतु डोळ्यांनीं पाहिलें थोडें आणि मनानें ठरविलें फार, हा दोष आहे.

ब्रह्मगुप्त हे त्यांच्यापूर्वीं पांचशें वर्षें होऊन गेलेले महान् ज्योतिषी. भास्कराचार्य त्यांस फार मानीत व त्यांचाच मार्ग अनुसरीत. परंतु संपात हळूहळू सरकतो ही गोष्ट ब्रह्मगुप्तांनीं सांगितलेली नाहीं. तेव्हां आचार्यांनीं काय करावें? गुरुस्थानीं असलेल्या पुरुषानें सांगितलें नाहीं म्हणून ती नाकारावी काय? त्यांनीं तसें केलें नाहीं. ब्रह्मगुप्तांच्या काळीं हें अंतर फार थोडें असल्यामुळें लक्षांत आलें नसावें. आज तें दिसून येतें, म्हणून तें स्वीकारिलें पाहिजे, असा त्यांनीं निर्णय दिला. गणिताच्या शास्त्रांत जुनें वचन प्रमाण खरें, पण उपपत्तीसह असेल तरच, असें त्यांचें मत होतें. वडिलांचा मान राखून वडिलांच्या पुढें कसें जावें, हें येथें शिकावें.

तिसरें उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस फार आवडेल, कारण तें घरीं करून पाहतां येतें. गोलाच्या पृष्ठाचें क्षेत्रफळ काढण्यास लल्ल नांवाच्या पूर्वाचार्यांनीं वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघानें गुणावें, असा नियम दिला होता. भास्कराचार्यांनीं तो चुकीचा ठरविला. त्यांनीं सांगितलें कीं, एक गोल घ्या. गोलाच्या परिघाच्या निम्मा ज्याचा व्यास आहे असें वाटोळें कापड कापा व तें अर्ध्या गोलावर पसरा. अर्धा गोल झांकून कांहीं कापड उरतें. आतां हें कापड त्या गोलाच्या मधोमध घेतलेल्या वर्तुळाच्या सुमारें अडीचपट भरतें. म्हणून अर्ध्या गोलाचें पृष्ठ अडीचपटींहून कमीच असलें पाहिजे, आणि सबंध गोलाचें पांचपटींहून कमी. मग तें लल्लांच्या नियमाप्रमाणें भलतेंच मोठें कसें येईल? पण तेवढ्यावर आचार्य थांबले नाहींत. कापडानें नियम खोटा ठरला, खरा नियम कोणता तें ठरलें नव्हतें. तें ठरविण्यासाठीं त्यांनीं आवळ्याच्या फोडींप्रमाणें गोलाच्या पृष्ठाचे ९६ उभे भाग कल्पिले, एका भागाचें क्षेत्रफळ काढिलें, आणि तें गोलाच्या व्यासाइतकें भरतें असें दाखविलें. यावरून परिघ गुणिले व्यास, म्हणजेच मधल्या वर्तुळाच्या चौपट, हा नियम निघाला. आज तुमच्या पुस्तकांत हाच नियम आहे.

चवथें उदाहरण बीजगणितांतील. अशी एक पूर्ण संख्या शोधा कीं, तिच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच यावा. एखादा मुलगा १ पासून आरंभ करील. शंभर संख्या तपासील, हजार तपासील, फार चिकाटीचा असला तर दहा हजार तपासील. आणि मग अशी संख्याच नाहीं असें जाहीर करील. परंतु ती आहे. ती सर्वांत लहान संख्या २२६१५३९८० ही होय, आणि येणाऱ्या वर्गाचें मूळ १७६६३१९०४९ आहे. आचार्य जयदेवांस पूर्वींच अवगत असलेल्या चक्रवाल रीतीनें भास्कराचार्यांनीं हें उत्तर थोड्या पायऱ्यांत काढून दाखविलें. पुढें इ. स. १६५७ मध्यें फ्रान्सचा गणिती फर्मा यानें ६१ याच संख्येचा प्रश्न इतर गणित्यांपुढें टाकिला. दहा हजार वेळां न सांपडलेली गोष्ट नाहींच असें म्हणूं नये, हें या एका संख्येनें शिकविलें.

भास्कराचार्य माणूस होते, आणि त्यांचे दोष झांकून त्यांचा गौरव होणार नाहीं. पारा भरलेल्या आऱ्यांचें एक चाक आपोआप फिरत राहतें, असें त्यांनीं यंत्रांच्या प्रकरणांत लिहिलें आहे. आजचें पदार्थविज्ञान सांगतें कीं, बाहेरून शक्ति मिळाल्याखेरीज असें चाक कायमचें फिरूं शकत नाहीं. ज्यांनीं गोलावर कापड पसरून पाहण्यास सांगितलें त्यांनींच हें चाक लिहून ठेविलें! यावरून थोरांचा उपहास करावयाचा नाहीं. इतकेंच लक्षांत ठेवावयाचें कीं, विनापुरावा मानण्याची संवय एकदां जिंकून जन्मभर जिंकिली जात नाहीं. ती दररोज जिंकावी लागते.

याच्या उलट, आजकाल कित्येक अभिमानी लोक न्यूटनच्या आधीं भास्कराचार्यांनींच गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधिला असें सांगत असतात. आचार्यांनीं पृथ्वीस आकर्षणशक्ति आहे व तिच्यामुळें जड वस्तु तिच्याकडे ओढल्या जातात, असें म्हटलें आहे, हें अगदीं खरें. परंतु सर्व वस्तु परस्परांस ओढतात आणि ती ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते, हें गणित त्यांच्या ग्रंथांत नाहीं. तें न्यूटननें इ. स. १६८७ मध्यें प्रसिद्ध केलें. जो मोठेपणा त्यांचा आहे तो इतका विपुल आहे कीं, त्यांत उसना मोठेपणा घालण्याचें कांहीं कारण नाहीं.

उतारवयांतही त्यांची लेखणी थांबली नाहीं. शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३ हा आरंभकाळ धरून त्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. तेव्हां ते ६९ वर्षांचे होते. पंचांग करणारांस सोपें पडावें म्हणून त्यांत गणिताच्या सुलभ रीती दिल्या आहेत. पुढें लीलावतीवर अनेक पंडितांनीं टीका लिहिल्या, आणि इ. स. १८१७ मध्यें कोलब्रूक यानें लीलावती व बीजगणित यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. ७ जून १९७९ रोजीं आकाशांत सोडलेल्या एका भारतीय उपग्रहास भास्कर हें नांव देण्यांत आलें. या नांवानें सातव्या शतकांतील पहिल्या भास्कराचार्यांचा व आपल्या चरित्रनायकाचा, दोघांचाही सन्मान झाला.

आतां वडील मंडळींस व विद्यार्थ्यांस दोन शब्द. कोणी म्हणेल कीं, भास्कराचार्य बीडचे कीं पाटणचे, यानें आमचें काय बिघडतें? याचें उत्तर असें कीं, जें मन जुन्या गोष्टी विनाचौकशी मानितें तेंच मन आजच्या गोष्टीही विनाचौकशी मानितें. वर्गांत कोणाची पेटी हरवते, आणि ज्याचे कपडे फाटके त्याच्याकडे सर्वांची दृष्टि वळते. दोन दिवसांनीं पेटी घरींच सांपडते, परंतु त्या मुलाच्या मनास पडलेला चरा बुजत नाहीं. आणि प्रकरण पेटीवरच थांबतें असें नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच माणसांस मुलें पळविणारे समजून जमावानें ठार मारिलें. ते तसे नव्हते. अफवा हातोहात पसरली, आणि हें कशावरून, असें विचारून जमावास थांबविणारा कोणी निघाला नाहीं. पांच घरें उघडीं पडलीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें कशावरून असें विचारिलें तर त्यास उद्धट म्हणूं नका. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाहीं म्हणा, व दोघे मिळून शोधा. आणि विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न दुसऱ्यास विचारण्यापूर्वीं स्वतःस विचारा. कोणाविषयीं वाईट मनांत आलें तर क्षणभर थांबा. आपण काय पाहिलें, काय ऐकिलें, आणि काय स्वतःच्या पदरचें घातलें, असे तीन ढीग वेगळे करा. तिसरा ढीग बहुधा सर्वांत मोठा निघेल; तो निःशंकपणें टाकून द्या.

ज्या मुलानें आम्हांस तो प्रश्न विचारिला, त्यास आम्हीं नंतर वर्गासमोर उभें केलें व आपली चूक कबूल केली. भास्कराचार्य बीडचे असोत वा नसोत, त्यांचा तो गुण त्या दिवशीं बीड जिल्ह्यांतील एका बांकावर आम्हीं प्रत्यक्ष पाहिला, हें मात्र आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.